कबुलीच्या वेळी आजी ‘नही’ म्हणाल्या

मी जळगावात वकिली करते. माझं निम्म्याहून अधिक काम खरेदीखतांचं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच्या आठवड्यात एक दस्त नोंदवला. कागदावर पाहिलं तर त्यात काहीच वेगळं दिसणार नाही: दस्त नोंदला गेला, पैसे मिळाले, ताबा गेला. तरी तो डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते आहे.

घर पिंप्राळ्याकडचं. बाराशे चौरस फुटांचा बिनशेती प्लॉट आणि त्यावर तीन खोल्यांचं बैठं बांधकाम. भुसावळला रेल्वेत आयुष्य काढलेल्या माणसाने निवृत्तीच्या पैशातून बायकोच्या नावाने घेतलेलं. ते वारले, मुलगा पुण्यात स्थायिक झाला, आजी एकट्या राहिल्या. आता मुलाकडे जायचं म्हणून घर विकायचं ठरलं. घेणारी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, तिचा नवरा एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात. दोघांच्याही घरातलं शहरातलं हे पहिलं घर. सौदा ३२ लाखांचा. त्यातले २ लाख सौदापावतीच्या वेळी आणि ६ लाख खरेदीच्या आदल्या दिवशी आरटीजीएसने दिलेले. उरलेले २४ लाख बँकेचं कर्ज.

पहिल्यांदा घर घेणाऱ्याला सगळ्यात मोठा धक्का मुद्रांकाचा बसतो. जळगाव शहरात खरेदीखतावर मुद्रांक शुल्क आणि स्थानिक संस्थेचा अधिभार मिळून सहा टक्के. खरेदी एकट्या बाईच्या नावाने असेल आणि घर राहण्याचं असेल, तर १ एप्रिल २०२१ पासून एक टक्का सूट आहे. नवऱ्याचं नाव जोडलं की सूट गेली. या दोघांनी घर तिच्या एकटीच्या नावावर घ्यायचं ठरवलं, ३२ हजार वाचले. तरी मुद्रांक १ लाख ६० हजार आणि नोंदणी फी ३० हजार. फी एक टक्का असते, पण ३० हजारांच्या वर जात नाही. हे १ लाख ९० हजार कर्जात बसत नाहीत, ते स्वतःच्या खिशातूनच काढावे लागतात. बँकेचा माणूस कर्ज मंजूर करताना हे इतक्या हळू आवाजात सांगतो की निम्म्या लोकांना ते माझ्याकडे आल्यावरच कळतं. मला याची चीड आहे. या जोडप्याने शेवटचे काही हजार तिच्या भिशीतून उभे केले होते.

नोंदणीच्या आदल्या रात्री मी दस्ताची डेटा एन्ट्री स्वतः तपासते, ऑफिसातल्या मुलांवर सोडत नाही. आधारवरचं नाव, पॅनवरचं नाव आणि जुन्या खरेदीखतातलं नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी पुढे वर्षानुवर्षं त्रास होतो. चतुःसीमा सातबाऱ्याशी आणि मंजूर लेआउटशी ताडून पाहायची. मुद्रांकाचं चलन ज्याच्या नावाने भरलं त्याचंच नाव दस्तात आहे ना, तेही बघायचं. सर्च रिपोर्ट, म्हणजे मिळकतीवरच्या जुन्या नोंदींचा शोध, तीस वर्षांचा काढलेला असतो, पण मी नोंदणीच्या सकाळी शेवटच्या काही महिन्यांचा शोध पुन्हा घेते. सर्च झाल्यानंतर आणि खरेदीच्या आधी कुणी मध्येच काही नोंदवून गेलं असेल, तर ते त्या जुन्या रिपोर्टात दिसणार नाही.

दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त सादर झाला की संगणकावर चार शिक्के चढतात: सादरीकरण, फी, कबुली आणि ओळख. प्रत्येकाची वेळ सेकंदासकट छापली जाते. बाहेर झाडाखाली तासन् तास बसलेल्या माणसाला वाटतं, मोठी पूजा लांबली आहे. आत गेल्यावर त्याचं काम काही मिनिटांत उरकतं. फोटो, अंगठा, सही, पुढचा. त्या मिनिटांत खरी गोष्ट एकच असते, कबुली. लिहून देणाऱ्याने अधिकाऱ्यासमोर सांगायचं की हा दस्त मी करून दिला आहे. बाकी सगळे कागद त्या एका वाक्यासाठी जमवलेले असतात.

त्या दिवशी ऊन ४४ अंशांच्या वर होतं आणि सर्व्हर रखडत होता. आमची अकराची वेळ दीडला लागली. आजींचा मुलगा पुण्याच्या गाडीसाठी सारखा घड्याळ पाहत होता. घेणारीचा नवरा सासूबाईंना फोनवर सांगत होता की मुहूर्त टळणार नाही. त्यांना आखाजीला कलश ठेवायचा होता. बँकेचा पोरगा कर्जाच्या डीडीचं (डिमांड ड्राफ्टचं) पाकीट बॅगेत घालून, बॅग मांडीवर घेऊन बसला होता.

इथे बाहेरच्या माणसाला न कळणारी एक गोष्ट सांगायला हवी. बँक डीडी आधी देत नाही. दस्त नोंदला, पावती हातात आली, की मग तो विकणाऱ्याच्या हाती पडतो. बँकेच्या बाजूने ते समजण्यासारखं आहे. पण दस्तात मात्र लिहिलेलं असतं की मोबदल्याची पूर्ण रक्कम मिळाली, भरून पावलो, काही तक्रार नाही. म्हणजे विकणारा आधी ‘मिळाली’ म्हणून सही करतो आणि मग त्याला पैसे मिळतात. मी या दस्ताच्या मसुद्यात डीडीचा क्रमांक टाकून ‘नोंदणीच्या वेळी देण्यात येत आहे’ असं लिहिलं होतं. बँकेच्या वकिलांच्या पॅनेलने तो परत पाठवला. त्यांना ‘मिळाली’ हाच शब्द हवा होता, नाहीतर डीडी निघणार नव्हता. दोन दिवस वाद घातला, मग घेणाऱ्यांचा मुहूर्त पाहून शब्द बदलला. माझे अशील घेणारे होते, त्यांना डीडी हवा होता.

आत गेलो. आजींचा अंगठा मशीन घेईना. भांडी घासून आणि लिंबाच्या झाडाखाली चूल पेटवून रेषा झिजलेल्या. यासाठी मी पर्समध्ये ओला रुमाल ठेवतेच. अंगठा पुसून, थोडा कोरडा होऊ देऊन, दाबायचा नाही, नुसता टेकवायचा. उमटला. अधिकारी तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. बहुतेक जण मान खाली घालून ‘सही तुमचीच ना’ विचारतात आणि पुढे जातात. यांनी पुढे विचारलं, “आजी, पैसे सगळे मिळाले?”

“आठ लाख भेटनात,” आजी म्हणाल्या. “बाकीना नही.”

खोलीत एकदम शांतता झाली. मुलगा पुढे झाला, “माय, हो म्हण ना. डीडी त्यांच्याकडेच आहे.” आजींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अधिकाऱ्याने दस्त बाजूला सारला आणि पुढच्या टोकनला हाक मारली. घेणारी मुलगी माझा हात धरून विचारत होती, “मॅडम, आमचे आठ लाख?”

मी अधिकाऱ्यांना म्हटलं की नोंदणी कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे कबुली दस्त करून दिल्याची असते, पैसे मिळाल्याची नसते. आजी सही आपलीच असल्याचं सांगत आहेत. मोबदल्याबद्दल त्या जे सांगतील, ते कलम ५८ खाली शेऱ्यात लिहा आणि दस्त घ्या. त्यांनी ऐकून घेतलं, मान्यही केलं. दस्त नाकारायला कारण उरलं नव्हतं. मग बँकेचा पोरगा म्हणाला, “मॅडम, दस्तात ‘मिळाली’ आणि शेऱ्यात ‘आठच लाख मिळाले’ असं झालं, तर शाखेत डीडी रद्द करतील.” तोही खोटं बोलत नव्हता.

मी आजींना घेऊन बाहेर आले. आधी मुलाला आणि बँकवाल्याला बाजूला केलं. आजींच्या पायातली चप्पल तापली होती, त्यांना पाणी दिलं. त्यांना काही समजत नाही असं मुलाला वाटत होतं. त्यांना सगळं समजत होतं. मी सांगितलं, पैसे आहेत, पण पावती झाल्याशिवाय देत नाहीत. त्या म्हणाल्या, “कागदवर भेटनात लिखेल शे ना? मंग पहिले द्या.” याला माझ्याकडे कायद्यातलं उत्तर होतं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ मध्ये किंमत दिलेली किंवा देण्याचं वचन दिलेली, दोन्ही चालते, आणि किंमत बाकी राहिली तर कलम ५५ प्रमाणे विकणाऱ्याचा बोजा मिळकतीवर राहतो. पण जिने स्वतःच ‘मिळाली’ असं लिहून दिलं आहे, तिला तो बोजा कोर्टात सिद्ध करायला किती वर्षं लागतील, हेही मला माहीत होतं. मी कलमं सांगितली नाहीत.

शाखेच्या मॅनेजरला मीच फोन लावला. पावतीनंतरच, हे एकच वाक्य ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी विचारलं, दस्त, अधिकारी, तुमचा माणूस आणि आजी एकाच टेबलाशी आहेत, कॅमेरा चालू आहे, तर डीडी कबुलीच्या आधी टेबलावर ठेवायला हरकत काय? आजींनी तो वाचून घ्यावा, कबूल म्हणावं आणि उचलावा. नोंदणी अडली तर तुमचा माणूस परत घेईल. बराच वेळ गेला. ते हो म्हणाले, पण लेखी काही मागू नका म्हणाले.

पुन्हा आत जायला साडेतीन वाजले. पोरग्याने डीडी टेबलावर ठेवला. मी नाव आणि अक्षरी रक्कम मोठ्याने वाचली. आजींनी मुलाकडून नाही, त्या शिक्षिकेकडून पुन्हा वाचून घेतली. मग अधिकाऱ्यांनी विचारलं आणि त्या हो म्हणाल्या. तिसरा शिक्का चढला. डीडी त्यांनी कापडी पिशवीत ठेवला आणि पिशवी शेवटपर्यंत मुलाला दिली नाही.

पुढचं नेहमीचं. मूळ दस्त आणि जुनं खरेदीखत बँकेने नेलं, या दोघांच्या हाती झेरॉक्स आणि सूची क्रमांक दोनची, म्हणजे नोंदणीच्या सरकारी उताऱ्याची, प्रत. नव्या घरमालकांचा चेहरा इथे हमखास पडतो, त्यांना मूळ दस्त घरी न्यायचा असतो. मी त्यांना वीजमीटरच्या रीडिंगचा फोटो विकणाऱ्यासमोर काढायला लावला, घरपट्टीची शेवटची पावती मागून घेतली आणि ताबा पावतीवर दोघांच्या सह्या घेतल्या. सातबाऱ्यावर नाव लागायला नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस जातात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात, हेही सांगितलं. मुलाची गाडी चुकली. कलश आखाजीलाच ठेवला गेला.

माझे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले की चूक अधिकाऱ्याची, नको तो प्रश्न विचारला. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवायचं, जे विचारतील त्याला हो म्हणा. इथे बहुतेक जण तसंच शिकवून आणतात. मला ते पटत नाही. आणि हेही पटत नाही की मी त्या दिवशी फक्त घेणाऱ्यांची वकील होते. दस्त सादर करायला कायदा चार महिने देतो, घाई कायद्याची नव्हतीच. घाई मुहूर्ताची, गाडीची आणि टोकनची होती. त्या घाईत जिचं घर जात होतं, तिनेच एकटीने कागद शब्दाप्रमाणे वाचला. आजी हो म्हणाल्या असत्या आणि डीडीत नावाची चूक निघाली असती, तर मी कुणाच्या बाजूने उभी राहिले असते? घेणाऱ्यांचा दस्त तर पक्का झाला असता.

पुढच्या आठवड्यात त्याच शाखेचं आणखी एक प्रकरण आहे. मसुद्यात मी ‘डीडी नोंदणी अधिकाऱ्यासमोर कबुलीपूर्वी देण्यात आला’ असं वाक्य घातलं आहे आणि या वेळी पॅनेलला कारणं लेखी मागितली आहेत.