चवड्यांवर उभं राहून बघायचं शिरस्त्राण

व्हिएन्नात आम्ही आधी मोठ्या संग्रहालयातली चित्रं बघितली आणि मग निवांत जेवलो. चूक झाली. रस्त्यापलीकडे, हेल्डनप्लात्झवरच्या नॉये बुर्गमध्ये ऑस्ट्रियावर राज्य करणाऱ्या हाब्सबुर्ग घराण्याचं शस्त्रागार आहे. तिथे पोचलो तेव्हा बंद व्हायला जेमतेम दीड तास उरला होता. तुम्ही सकाळी आधी इथे जा. निदान तीन तास हवेत. फोल्क्सथिएटर मेट्रो स्टेशनवरून चालत जाता येतं. तिकीट कुठल्या कुठल्या दालनांना चालतं ते खिडकीवरच विचारून घ्या.

घाई असेल तर बाकी सगळं सोडा, पण सम्राट पहिल्या मॅक्सिमिलियनच्या (१४५९–१५१९) काळातली झुंजीची चिलखतं सोडू नका. दरबारी खेळात दोन घोडेस्वार समोरासमोर दौडत येऊन बोथट भाले एकमेकांवर मोडायचे. लढाईचं चिलखत साधारण २०-२५ किलोंचं, तर खेळाचं ४०च्या वर! खेळात पायी पळायचं नसतं, फक्त एक दणका सोसायचा असतो.

त्यातलं शिरस्त्राण थेट बेडकाच्या तोंडासारखं. "यातून दिसतं तरी काय?" बायकोने विचारलं. मी समोर उकिडवा बसलो, तर डोळ्यांची फट गायब. खालचा पत्रा ओठासारखा पुढे आलेला. चवड्यांवर उंच झालो तेव्हा ती काळी चीर दिसली. स्वार पुढे वाकला तरच त्याला समोरचं दिसे. भाला आदळायच्या क्षणी तो ताठ व्हायचा आणि फट झाकली जायची. आणि मान? ती वळतच नाही, कारण शिरस्त्राण छातीच्या आणि पाठीच्या पत्र्याला पक्कं जखडलेलं. आत जाड अस्तराची टोपी, नाड्यांनी बांधलेली. एवढा खटाटोप उगाच नव्हता. १५५९मध्ये फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री अशाच झुंजीत मोडलेल्या भाल्याची ढलपी डोळ्यात घुसून जखमी झाला आणि दहा दिवसांनी गेला. त्याचं शिरस्त्राण उघडझाप करणाऱ्या झडपेचं होतं.

उजव्या बाजूचा भाला टेकवायचा आकडाही बघा. त्याला पाठीमागे लांब दांडा असतो, तो पुढून दिसतच नाही. म्हणून प्रत्येक चिलखताला जमेल तिथे प्रदक्षिणा घाला. पायांत आरामाचे बूट हवेत, फरशी कडक आहे.

पुढे इन्सब्रुकला जाणार असाल तर आम्ब्रासचा किल्लाही धरा. तिथे एका राक्षसी उंचीच्या माणसाचं चिलखत आहे. लहान मुलं सोबत असतील तर आधी तेच दाखवा.