चैत्रातला गड एकदा तरी बघाच

नाशिकमध्ये कुणालाही विचारा सप्तशृंगी गडावर कधी जाता, बहुतेक जण नवरात्रच सांगणार. दिंडोरी, वणी, नांदुरी, तिथे खाजगी गाड्या अडवतात, मग एसटीने घाट चढून वर, दर्शन आणि रात्री घरी. आमच्या घरीही तसंच. पण मला विचाराल तर सप्तशृंगीची खरी यात्रा चैत्रातली, रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंतची, आणि ती आपल्या नाशिककरांपेक्षा खान्देशवाल्यांची जास्त आहे.

आम्ही सिडकोत राहतो, गल्लीत अर्धे लोक धुळे, अमळनेर, शिरपूरकडचे. इथून गाडीने गड दोन तासाच्या आत येतो, तरी शेजारच्या काकू चैत्रात आधी लांब धुळ्याकडे आपल्या गावी जातात आणि मग गावच्या लोकांबरोबर पायी निघतात. मालेगाव, देवळा, कळवण असं करत, एप्रिलच्या उन्हात, डोक्याला रुमाल बांधून, पुढे झेंडा आणि मागे सामानाचा टेम्पो. मी एकदा म्हटलं काकू इथूनच चला ना आमच्याबरोबर, तर म्हणाल्या, "अगं ती आमची माहेरवाशीण आहे, तिला भेटायला माहेरच्या माणसांनी सगळ्यांनी मिळून जायचं असतं." यावर मी काय बोलणार.

देवी आपली साडेतीन शक्तिपीठांतलं अर्धं पीठ. पण अर्धं म्हणजे काही कमी नाही हां, समोर उभं राहिलं की कळतं. कड्याच्या पोटात कोरलेली आठ फुटी मूर्ती, अठरा हात, प्रत्येक हातात काही ना काही, आणि मान जराशी कललेली. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी सप्तशती म्हणायचे आणि देवी कान देऊन ऐकायची म्हणून मान तशी, असं आजी सांगायची. साडी अकरा वार लागते आणि चोळीला तीन खण. 2022 ला मंदिर काही दिवस बंद ठेवून मूर्तीवरचा वर्षानुवर्षांचा शेंदराचा जाड थर काढला आणि नवरात्रात पुन्हा दर्शन सुरू झालं, तेव्हा मूळ रूप बघून आई रडलीच, लहानपणापासून बघितलेला चेहरा वेगळा दिसत होता ना.

आणि कीर्तिध्वज! चैत्र पौर्णिमेच्या आदल्या रात्री दरेगावचे गवळी पाटील ध्वज घेऊन शिखरावर चढतात, मान त्यांच्याच घराण्याचा, पिढ्यान् पिढ्यांचा. त्या सुळक्यावर जायला धड वाट नाही, रात्रीच्या अंधारात ते कसे चढतात ते त्यांचं त्यांनाच माहीत. खाली हजारो लोक माना वर करून बसलेले असतात आणि सकाळी ध्वज फडकताना दिसला की जो जयजयकार होतो तो ऐकायलाच जायला पाहिजे, मोबाईलवर व्हिडिओ बघून ते कळत नाही. नवरात्रातही ध्वज लागतो, पण चैत्रात समोर बसलेला माणूस आठवडाभर चालून आलेला असतो, पायाला फोड आलेले असतात, त्याने ध्वजाकडे बघणं वेगळंच.

कोजागिरीला कावडवाले येतात नद्यांचं पाणी घेऊन, तृतीयपंथी लोकही त्या दिवशी मोठ्या संख्येने येतात, त्यावर वेगळं लिहीन.

2018 पासून वर जायला रुळांवरून चढणारी फनिक्युलर ट्रॉली आहे, आजी-आजोबांना तिचा खूप आधार झाला. पण पायात बळ आहे त्यांनी पायऱ्यांनीच जावं असं मला वाटतं, पाचशेच्या आसपास आहेत, सुरुवातीलाच म्हैसासुराचं दर्शन होतं ते ट्रॉलीत राहून जातं.

तर पुढच्या चैत्रात जमवा. चतुर्दशीला मुक्काम करायचा तर खोलीचं आधी बघून ठेवा, ऐनवेळी मिळत नाही. आणि एकदा वणीचा रस्ता सोडून देवळा-कळवणवरून जा, लांब पडेल पण पायी येणारे सगळे त्याच रस्त्याला भेटतात. गाडी हळू चालवा, त्यांच्या मागून हॉर्न वाजवत जाऊ नका, आणि डिकीत पाण्याच्या बाटल्या जास्तीच्या टाका, लिंबू-साखर असेल तर अजून चांगलं.