शिलाई मशीनच्या खणातला चारमिनार

जुन्या वस्तू घेत राहिलं की नाणी कुठे निघतात ते हळूहळू कळायला लागतं. किराणा दुकानाच्या लाकडी गल्ल्यात, तळाच्या फळीच्या फटीत. देव्हाऱ्याच्या खणात, लक्ष्मीपूजनाचं कुंकू चिकटलेली. पानाच्या पितळी डब्यात, चुन्याच्या डबीखाली. आणि शिलाई मशीनच्या खणात, हूक-बटणांच्या गर्दीत. मला सगळ्यात जास्त या खणांनीच दिलंय.

ही मशीन नागपूरच्या इतवारीतल्या एका भंगाराच्या दुकानातली. घरी कारण सांगितलं की पडदे शिवायला बरी पडेल. खण दुकानातच उपडा केला आणि निघालेली नाणी दुकानदाराला दाखवली. लपवाछपवी मला जमत नाही, आणि दाखवणाऱ्या गिऱ्हाइकाला पुढच्या वेळी आपणहून फोन येतो, हेही खरं. तो म्हणाला, "मशीन विकली तं खणही विकला जी. न्या."

घरी आल्यावर सगळ्यात आधी नाणी घरच्यांपासून वाचवावी लागतात. तांब्याचं काही दिसलं की चिंच नाहीतर पीतांबरी घेऊन बसणारी मंडळी प्रत्येक घरात असतात. तांब्यावर वर्षानुवर्षं चढलेला तपकिरी थर एकदा गेला की गेला. घासलेलं नाणं संग्राहक लांबूनच ओळखतो आणि त्याच क्षणी त्याचा भाव पडतो. मी इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणलेल्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये नाणी रात्रभर ठेवली आणि सकाळी सुती कापडावर टिपून घेतली. जेवढा मळ आपणहून सुटला तेवढा सुटला.

मग निवडानिवड. भोकाचे पैसे बरेच होते. 1943 ते 1947 मधले हे पैसे धातू वाचवण्यासाठी मधून कोरलेले, ढिगाने मिळतात. नये पैसेही तसेच. 1 एप्रिल 1957 ला दशमान पद्धत आली तेव्हाचे हे, 1964 मध्ये त्यातला 'नये' गेला. ही सगळी पुतणीच्या डब्यात गेली.

रुपये दोन होते आणि त्यांना वेळ लागला. कलदार, म्हणजे इंग्रजांच्या काळातला रुपया, हातात आला की आधी चुंबक लावायचं. 1946-47 चा सहाव्या जॉर्जचा रुपया निकेलचा, तो चुंबकाला चिकटतो. चांदीचा चिकटत नाही. पण तेवढ्यावर हुरळून जायचं नाही, कारण 1940 ते 1945 च्या रुपयात चांदी निम्मीच आहे. माझा एक त्यातला, 1944 चा. दुसरा राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा, 1862 साल, आणि वर डाग देऊन जोडलेली कडी. म्हणजे तो कधीतरी माळेत ओवलेला होता.

ओळखीच्या सोनारकाकांकडे वजन केलं. राणीछाप रुपया मुळात 11.66 ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि चांदी 91.7 टक्के. माझा झिजून त्याच्या जरा खाली आला होता, कडी धरूनसुद्धा. काका म्हणाले, "कडी काढून घासून देऊ का?" नको म्हटलं. काढलेल्या कडीचा डाग कडीपेक्षा वाईट दिसतो. दुसरं म्हणजे, 1862 लिहिलंय म्हणून तो त्याच वर्षी पाडला असं नाही. पुढे 1874 पर्यंत रुपयावर हेच साल छापत राहिले. फरक पाहायचा तर सालाजवळचे ठिपके भिंगाखाली मोजावे लागतात. काकांना ठिपक्यांशी काही देणंघेणं नव्हतं, ते चांदीच्या भावाने हिशेब करून मोकळे झाले. सराफ्यात नाणं विकायला नेऊ नये ते यासाठी.

खरी मजा एका छोट्या चांदीच्या नाण्याने आणली. एका बाजूला चारमिनार, बाकी सगळं फारसी. निजामाचे चार आणे. चारमिनाराच्या मधल्या कमानीत एक अक्षर असतं. तिथे मीम असेल तर मीर महबूब अली खान, ऐन असेल तर शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान. माझ्या नाण्यावरचं अक्षर उघड्या चोचीसारखं, म्हणजे ऐन. साल हिजरी 1342. हिजरी सालाला 0.97 ने गुणून 622 मिळवले की आपलं साल साधारण निघतं. हे 1923-24 आलं. मराठवाड्यात 1948 पर्यंत निजामाचं राज्य होतं आणि हेच निजामाचं चलन, हाली सिक्का, चालायचं. मशीन तिकडून आली असावी असा माझा अंदाज. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "वर्ध्याहून आली जी." त्याआधी कुठे होती, देव जाणे.

खणात एक तांब्याचं 'दुर्मीळ' नाणंही होतं. एका बाजूला राम-सीता-हनुमान, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी आणि 1818. असली नाणी लोक हजारोंना विकत घेतात. कंपनीने ती कधी पाडलीच नाहीत; देवस्थानांबाहेर विकली जाणारी टोकनं आहेत ती. 1616 आणि 1717 सालाचीही फिरतात. जुन्या नाण्यांना लाखो मिळतात असे व्हिडिओ पाहून कुणी आगाऊ 'कमिशन' मागितलं तर फोन ठेवावा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर करून सांगितलंय की अशा व्यवहारात ती पडत नाही आणि कुठलं शुल्कही घेत नाही.

कायद्याचं थोडक्यात. विकत घेतलेल्या खणातलं नाणं वेगळं आणि जमिनीत सापडलेला ठेवा वेगळा. दहा रुपयांहून जास्त किमतीचा असा ठेवा 1878 च्या कायद्याने कलेक्टरला कळवावा लागतो. शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि देशाबाहेर पाठवता येत नाही, त्यामुळे अमेरिकेतल्या भाच्याला भेट म्हणून पाठवायचं मनातही आणू नका.

मऊ प्लास्टिकच्या पाकिटांनी नाण्यावर हिरवट चिकटा येतो, म्हणून मी पुठ्ठ्याच्या चौकटी वापरतो. वर साल, वजन आणि कुठल्या वस्तूतून निघालं ते पेन्सिलीने लिहितो. 1944 चा रुपया, वर थोडे पैसे घालून, महालातल्या एका संग्राहक काकांना दिला आणि 1911 चा पंचम जॉर्जचा घेतला. त्यात राजाच्या झग्यावरच्या पदकातला हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून तेव्हा ओरड झाली होती, आणि 1912 पासून तो सुधारला. चार आण्यांवरही काकांचा डोळा होता. ते नाही दिले.