जनुकाची तिसरी प्रत: माझ्या नसांच्या तपासणीचा अनुभव

पायऱ्या उतरताना पाऊल लटकं पडायचं, चप्पल निसटायची, घोटा मुरगळायचा. बाबांचं चालणं असंच होतं आणि घरात सगळे त्याला संधिवातच म्हणत. बोटांनी बटण लावणं जड जायला लागलं तेव्हा मी महापालिकेच्या रुग्णालयातल्या न्यूरॉलॉजी ओपीडीत केसपेपर काढला.

डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली, पाय हलला नाही. मग तळव्याची उंच कमान आणि वाकलेली बोटं बघत त्यांनी विचारलं, "घरात आणखी कोणाचे पाय असे आहेत?" त्या एका प्रश्नाने पुढची सगळी दिशा ठरली.

पहिली तपासणी एनसीव्हीची. हातापायांना छोटे शॉक देऊन नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजतात. दुखतं, पण सोसवतं. माझ्या हाताच्या नसेत वेग सेकंदाला २१ मीटर आला. निरोगी माणसात तो पन्नासच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो, आणि ३८ च्या खाली गेला की नसेवरच्या वेष्टणाचा, म्हणजे मायलिनचा दोष धरतात. तपासणी करणाऱ्या मॅडमनी आकड्यापेक्षा दुसरीच गोष्ट दाखवली: सगळ्या नसा सारख्याच मंद होत्या. नंतर झालेल्या आजारात मंदपणा बहुधा कुठे कमी, कुठे जास्त असतो. सगळीकडे एकसारखा असेल तर तो बहुधा जन्मतःच असतो.

आजाराचं नाव शार्को-मारी-टूथ, म्हणजे सीएमटी. १८८६ साली पॅरिसच्या शार्को आणि मारी यांनी आणि इंग्लंडच्या टूथ यांनी त्याचं वर्णन केलं. साधारण अडीच हजारांत एकाला तो असतो, तरी आमच्या घरात हे नाव कोणी ऐकलेलं नव्हतं.

जनुकीय तपासणीसाठी रक्त एका खाजगी प्रयोगशाळेत गेलं. अहवाल आला: "काही आढळलं नाही." खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं की जनुकाच्या प्रतींमधला मोठा फरक या पद्धतीने सापडेलच असं नाही. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांनी ही ओळ नीट वाचावी, म्हणून तर हे लिहिते आहे.

हातापायांच्या नसांवर मायलिनचं वेष्टण चढवतात त्या श्वान (Schwann) पेशी. एक पेशी एकाच तंतूच्या एकाच तुकड्याभोवती थर गुंडाळत जाते. हे काम कधी सुरू करायचं याचा हुकूम जनुकांकडूनच येतो. सॉक्स१० आणि ईजीआर२ ही प्रथिनं पेशीच्या केंद्रकात जाऊन मायलिनची जनुकं चालू करतात. खुद्द ईजीआर२ मध्येच दोष असला तरी मायलिन नीट बनत नाही, हे १९९८ मध्ये समजलं. त्या हुकमाने चालू होणाऱ्या जनुकांपैकी एक पीएमपी२२. माझ्यात हुकूमही ठीक होता आणि जनुकाचं एकेक अक्षर, म्हणजे डीएनएचा एकेक घटकही. फक्त सतराव्या गुणसूत्राचा सुमारे पंधरा लाख अक्षरांचा तुकडा एका प्रतीवर दोनदा आला होता. त्यामुळे पीएमपी२२ च्या दोनऐवजी तीन प्रती. कणकेत मीठ तेच, पण दीडपट पडलं तर पोळी बिघडते, तसं. अक्षरं वाचणाऱ्या तपासणीला यात चुकीचं काही दिसणार कसं? प्रती मोजाव्या लागतात, आणि त्यासाठीची चाचणी एमएलपीए.

ही दुप्पट झालेली जागा १९९१ मध्ये सापडली. सीएमटीच्या रुग्णांत हाच दोष सर्वात जास्त आढळतो, म्हणून खरं तर मोजणी आधी व्हायला हवी. हाच तुकडा जास्त नसून गहाळ असेल तर वेगळाच आजार होतो: मांडी घालून बसलं किंवा कोपर टेकलं तरी नस दबते आणि तो भाग बराच काळ बधिर राहतो. एकाच जनुकाचं प्रमाण कमी झालं तरी त्रास, वाढलं तरी त्रास. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

एमएलपीएने निदान पक्कं झालं. पुढे काय? बरं करणारं औषध आज नाही. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसांच्या चाचण्या झाल्या, उपयोग दिसला नाही. २०१८ मध्ये उंदरांमध्ये पीएमपी२२ चं प्रमाण कमी करून नसा सुधारल्याचं प्रसिद्ध झालं, त्यावर माझी आशा आहे. तोवर व्यायाम आणि एएफओ. पायाला आधार देणारा हा पट्टा मी हाजीअलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत मापाने करून घेतला. तो बुटात घातल्यापासून पाऊल लटकत नाही, आणि लोकलच्या पुलाच्या पायऱ्या मी कठडा न धरता उतरते. केसपेपरवर एक ओळ ठळक लिहून घेतली आहे: व्हिन्क्रिस्टीन द्यायचं नाही. कर्करोगावरचं हे औषध आमच्या नसांना फार घातक ठरू शकतं.

मुलामुलीत हा दोष उतरण्याची शक्यता निम्मी. दादाच्या मुलीला लक्षणं नाहीत, म्हणून समुपदेशक ताईंनी सांगितलं की तिची तपासणी आत्ता नको, मोठी झाल्यावर तिचं तिला ठरवू द्या. दादाने स्वतःबद्दल अजून ठरवलेलं नाही. वहिनीला मी माझ्या अहवालाची झेरॉक्स दिली आहे. त्याने मनावर घेतलं तर आता सगळा शोध पुन्हा नको, फक्त त्या एका तुकड्याच्या प्रती मोजल्या की झालं.