चौदा कोअरचं जुनं झिऑन आणि सहा कोअरचं आय५: शेजारी लावून मोजलं तेव्हा

काम दोन तऱ्हेचं होतं. लातूरच्या ट्यूशन एरियातल्या क्लासेसची लेक्चरं कापून-जोडून एक्सपोर्ट करायची, आणि सराव परीक्षांच्या प्रश्नपत्रिका लावायच्या. त्यासाठी दोन मशीन एकाच टेबलावर लावून मोजली. एकात इंटेलचा झिऑन ई५-२६८० व्ही४, म्हणजे २०१६ चा सर्व्हर प्रोसेसर: १४ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे गाभे), २८ थ्रेड (एका वेळी चालणाऱ्या कामांच्या ओळी), ३५ एमबी कॅशे (प्रोसेसरच्या आतली मेमरी), १२० वॉट. दुसऱ्यात कोअर आय५-१२४००, २०२२ चा साधा डेस्कटॉप प्रोसेसर: ६ कोअर, १२ थ्रेड, १८ एमबी कॅशे, ६५ वॉट. जुन्या मालाच्या बाजारात झिऑन खपतो तो त्या १४ च्या आकड्यावर.

मशीन चालू करण्याआधी कागदावर हिशोब मांडला. सगळे कोअर कामाला लागले की झिऑन २.९ गिगाहर्ट्झवर टिकतो, आय५ ४.० वर. १४ गुणिले २.९ म्हणजे ४०.६, ६ गुणिले ४ म्हणजे २४. इथपर्यंत झिऑन फार पुढे. पण गिगाहर्ट्झ म्हणजे नुसते ठोके. एका ठोक्यात किती काम उरकतं ते वेगळं. व्ही४ मधला कोअर ब्रॉडवेल पिढीचा. त्यानंतरच्या स्कायलेक पिढीपेक्षा पुढचा सनी कोव्ह कोअर सरासरी १८ टक्के आणि आय५-१२४०० मधला गोल्डन कोव्ह कोअर त्याच्या मागच्या पिढीपेक्षा १९ टक्के जास्त काम करतो, असं इंटेलचंच म्हणणं. दोन्ही गुणले की १.४ होतात. आय५ चे २४ तिथे ३३.६ होतात आणि दरी बरीच बुजते. एकाच थ्रेडचं काम असेल तर चित्र उलटतं: झिऑनचे जास्तीत जास्त ३.३, आय५ चे ४.४ गुणिले १.४, म्हणजे ६.१६.

सिनेबेंच आर२३ या प्रोसेसरचा वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चित्र याच्या जवळपासच आलं. एका थ्रेडवर आय५ जवळजवळ दुप्पट, सगळे थ्रेड लावल्यावर दोघं एकमेकांच्या आसपास. मात्र झिऑनचा आकडा धड यायला दोन दिवस गेले. बहुतेक जण अडकतात ते तिथेच, म्हणून ते सविस्तर लिहितो.

चिप हातात आली की आधी धातूच्या टोपणावरची अक्षरं वाचायची. खऱ्या २६८० व्ही४ वर एसआर२एन७ हा कोड असतो. त्या जागी ‘इंटेल कॉन्फिडेन्शियल’ छापलेलं दिसलं तर तो चाचणीचा नमुना. त्याचा क्लॉक (गिगाहर्ट्झचा वेग) कमी असू शकतो आणि बायोस, म्हणजे बोर्डातला मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम, त्याला ओळखेलच असं नाही. परत करायचा, घासाघीस करत बसायचं नाही. सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा, एलजीए २०११-३. पिना बोर्डवर असतात, त्यामुळे वापरलेला बोर्ड घेताना टॉर्च तिरका धरून रांगा बघायच्या. सगळ्या पिना एकसारख्या चमकल्या पाहिजेत. एखादी काळी दिसली तर ती वाकलेली आहे. एक वाकलेली पिन रॅमचं अख्खं चॅनल (रॅम आणि प्रोसेसरमधला एक रस्ता) गायब करते, आणि मग माणूस उगाच रॅमवाल्याशी भांडतो.

‘एक्स९९’ नावाने येणाऱ्या स्वस्त चिनी बोर्डांपैकी बऱ्याच बोर्डांवर प्रत्यक्षात एच८१ किंवा बी८५ सारखा साधा डेस्कटॉप चिपसेट (बोर्डावरचे पोर्ट सांभाळणारी चिप) बसवलेला असतो. चालतं, पण साटा (डिस्क जोडायचे) आणि यूएसबीचे पोर्ट कमी मिळतात. कूलर घेताना सॉकेटभोवतीच्या चौकटीची मापं घ्यायची: चौकोनी असेल तर स्क्रूचं अंतर ८० बाय ८० मिमी, अरुंद असेल तर ५६ बाय ९४ मिमी. एकाचा कूलर दुसऱ्याला बसत नाही.

रॅमचा घोळ सगळ्यात जास्त. सर्व्हरमधून निघालेली रॅम रजिस्टर्ड असते, म्हणजे कांडीवर रजिस्टर नावाची मधली चिप असते. कांडीच्या लेबलवर ‘२४००टी’ नंतर ‘आर’ असेल तर रजिस्टर्ड, ‘यू’ असेल तर साधी. झिऑनला दोन्ही चालतात, पण एकत्र नाही. मिसळली की स्क्रीन काळी. आणि आय५ च्या बोर्डात रजिस्टर्ड कांडी चालतच नाही, त्यामुळे ‘पुढे नवीन मशीनला वापरू’ हा विचार सोडून द्यावा. झिऑनला मेमरीची चार चॅनल आहेत. डीडीआर४-२४०० च्या चार कांड्या चार चॅनलांत बसल्या तरच सेकंदाला ७६.८ जीबीचा रस्ता उघडतो. दुकानदार १६ जीबीच्या दोन कांड्या देतो आणि निम्मा रस्ता बंदच राहतो. ८ जीबीच्या चार मागाव्यात. गंमत म्हणजे १२४०० ला डीडीआर५-४८०० च्या दोन कांड्या लावल्या तरी आकडा ७६.८ च येतो. डीडीआर४-३२०० वर मात्र तो ५१.२ वर थांबतो.

आता तुलना. दोन्हीकडे तीच एसएसडी, ३२ जीबी रॅम, तेच ग्राफिक्स कार्ड. झिऑनमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, कार्डाशिवाय चित्रच येत नाही. पॉवर प्लॅन दोन्हीकडे सारखा. चाचणी सकाळीच, कारण मे महिन्यात लातूरला पारा ४० च्या पुढे जातो आणि खोली जेवढी तापते जवळपास तेवढाच प्रोसेसरही वर चढतो. एक मशीन सकाळी आणि दुसरं दुपारी मोजलं तर तुलना उन्हाचीच होते.

पहिल्या फेरीत झिऑनने तीन-चार मिनिटं २.९ धरला आणि एकदम १.२ वर आपटला. थोड्या वेळाने पुन्हा वर, पुन्हा खाली. प्रोसेसरचं तापमान ६० च्या घरात, म्हणजे तक्रार करण्यासारखं काही नाही. १.२ हा या चिपचा सगळ्यात खालचा क्लॉक; तापमान ठीक असताना तो दिसला की संशय बोर्डावर घ्यायचा. प्रोसेसरला वीज देणारे मॉसफेट तापले होते. त्यांच्यावर पातळ पत्रा होता, आणि उभ्या कूलरची हवा त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती. ते तापले की बोर्ड प्रोसेसरला ‘हळू चाल’ असा इशारा देतो. पत्रा काढून नवीन थर्मल पॅड घातले, वर ४० मिमीचा छोटा पंखा झिप टायने बांधला. त्यानंतर दहा मिनिटांची पूर्ण फेरी २.९ वरच. एका मिनिटाची चाचणी घेतली असती तर हा दोष दिसलाच नसता, म्हणून आर२३ ची दहा मिनिटांची फेरी बंद करू नये.

प्रत्यक्ष कामात फरक असा. डीटीपीत पानं उलगडणं, फॉन्ट बदलणं, मोठी फाइल सेव्ह होणं, टॅलीत रिपोर्ट निघणं: हे बहुतांश एकाच थ्रेडवर चालतं आणि झिऑनवर हाताला जडपणा जाणवतो. तेरा कोअर बसून राहतात, एक राबतो. व्हिडिओ एक्सपोर्ट केवळ प्रोसेसरवर केलं तर दोघं बरोबरीचे. पण १२४०० मध्ये यूएचडी ७३० ग्राफिक्स आहे आणि त्यातलं क्विक सिंक एच.२६४ आणि एचईव्हीसी या फॉरमॅटमधला व्हिडिओ थेट हार्डवेअरवर तयार करतं. फळ्यासमोरच्या लेक्चरला ते पुरतं, आणि मग झिऑन स्पर्धेतच उरत नाही. नावात ‘एफ’ असलेला १२४००एफ घेतला तर हे ग्राफिक्स मिळत नाही. थोडे पैसे वाचवायला हीच चूक बरेच जण करतात.

विजेचं. भिंतीच्या मीटरवर रिकामं झिऑन ७० ते ७५ वॉट, आय५ ३० च्या आसपास. पूर्ण भाराला झिऑन दोनशेच्या जवळ, आय५ साधारण निम्म्यावर. नुसत्या रिकाम्या बसण्याचा ४५ वॉटचा फरक, दिवसाला १० तास, महिन्याला २६ दिवस धरला तर ११.७ युनिट होतात. युनिटला दहा रुपये धरले तर महिन्याला ११७ रुपये, वर्षाला १,४०४. तीन वर्षांचा आकडा काढला की ‘स्वस्त’ प्रोसेसर किती स्वस्त ते कळतं. शिवाय ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा. झिऑन, ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर मिळून तो भराभर रिकामा होतो. घरच्या जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अॅक्टिव्ह पीएफसी (वीज नीट खेचायला लावणारं सर्किट) असलेला एसएमपीएस, म्हणजे मशीनचा पॉवर सप्लाय, लावला तर वीज जाताच मशीन रिस्टार्ट होऊ शकतं. दोष प्रोसेसरला देऊ नये. साइन वेव्ह इन्व्हर्टर लागतो.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत व्ही४ नाही, आय५-१२४०० आहे. आडवाटेने बसवता येतं, पण क्लासचा हिशोब ज्या मशीनवर आहे तिथे मी तसं करणार नाही. लिनक्सवर झिऑन बिनतक्रार चालतो.

त्यामुळे टेबलावर आय५ राहिला. झिऑन लिनक्सवर टाकून माळ्यावर फाइल सर्व्हर आणि चार व्हर्च्युअल मशीनसाठी (एकाच मशीनमध्ये चालणारे आभासी संगणक) ठेवला. तिथे त्याच्या ४० पीसीआयई लेन (कार्डं आणि वेगवान डिस्क जोडायचे रस्ते) आणि रजिस्टर्ड रॅम खऱ्या उपयोगी पडतात: १६ जीबीच्या आठ जुन्या कांड्यांत १२८ जीबी होते, बोर्डाला आठ स्लॉट असतील तर. विकत घेण्याआधी स्लॉट मोजा. स्वस्त बोर्डांवर बऱ्याचदा चारच असतात.