साहेबांचा शब्द, परिषदेची सही

माझ्या टीमसाठी मागवलेला, कामाचे आकडे दाखवणारा नवा डॅशबोर्ड कित्येक महिने अडकून पडला होता. बजेट मंजूर होतं, सॉफ्टवेअर विकत घेऊन झालं होतं, वरच्या मंडळींचा होकार होता. अडवलं ते कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेल्या परिषदेने. इथे तिला बेट्रीब्सराट म्हणतात, मी आपली परिषदच म्हणते. जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये मार्केटिंगची टीम सांभाळायला लागल्यापासून माझा जेवढा जीव या परिषदेने खाल्लाय, तेवढा कुठल्याही स्पर्धक कंपनीने खाल्लेला नाही. आणि तरी आज तिच्या बाजूनेही लिहावंसं वाटतंय.

आपल्याकडे युनियन म्हटलं की जे डोळ्यांसमोर येतं, ते आधी बाजूला ठेवा. युनियन इथेही आहेत, पण परिषद हे वेगळं प्रकरण. युनियनचा सभासद असो वा नसो, कंपनीतला जवळपास प्रत्येक कर्मचारी मत देऊ शकतो. किमान 5 कायम कर्मचारी असलेल्या जागी लोकांनी ठरवलं तर परिषद निवडता येते, आणि तिचा खर्च मालकाने उचलायचा. कुणालाही नोकरीवरून काढण्याआधी परिषदेचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. ते न ऐकता दिलेली नोटीस कोर्टात टिकत नाही. आमच्या कॅम्पेनच्या लाँचसाठी एका शनिवारी जादा काम हवं होतं, त्यालाही परिषदेची संमती लागली. मुंबईत मी असा शनिवार एका मेसेजवर ठरवत असे, आणि लोक यायचे.

आता डॅशबोर्ड. या परिषदांच्या 1972 च्या कायद्याचं 87 वं कलम सांगतं की कर्मचाऱ्यांच्या वागण्यावर किंवा कामगिरीवर नजर ठेवणारं तांत्रिक साधन आणायचं असेल तर परिषदेची संमती हवी. आमचा हेतू नजर ठेवायचा नाही, असं म्हणून सुटता येत नाही. त्या साधनाने नजर ठेवणं शक्य आहे, एवढं कोर्टाला पुरतं. एअरफुर्टच्या संघीय कामगार न्यायालयाने तर 13 डिसेंबर 2016 रोजी निकाल दिला की कंपनीच्या फेसबुक पानावर लोकांना कर्मचाऱ्यांच्या कामाबद्दल उघडपणे लिहिता येत असेल, तर ती सोयही परिषदेला विचारूनच द्यायची. मार्केटिंगवाल्यांनो, जरा विचार करा. आपण ज्या गोष्टीला ग्राहकांशी संवाद म्हणतो, तिच्यात त्या न्यायाधीशांना काउंटरवर बसलेली एक बाई दिसली, जिच्याबद्दल कुणीही चारचौघांत काहीही लिहू शकतं.

आमच्या डॅशबोर्डमध्ये प्रत्येकाच्या नावापुढे रकाने होते: किती चौकशा आल्या, पहिलं उत्तर किती वेळात गेलं, किती जणांनी पुढे खरेदी केली, शेवटचं लॉगिन कधी. आपल्याकडे हे सगळं मोठ्या स्क्रीनवर लावलेलं असतं आणि त्याखाली उभं राहून चहा प्यायला जातो. मला ते चुकीचं वाटलं नव्हतं आणि आजही पूर्णपणे चुकीचं वाटत नाही.

परिषदेच्या अध्यक्षपदावर गोदामात माल लावणारे एक गृहस्थ आहेत. मार्केटिंगशी त्यांचा काडीचा संबंध नाही. बैठकीला ते छापील कागद घेऊन आले. त्यावर माझ्या डॅशबोर्डचा प्रत्येक रकाना हाताने लिहून काढलेला, आणि त्याच्यापुढे मोकळी जागा. एकेका रकान्यावर बोट ठेवून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "हा आकडा कमी आला तर तुम्ही काय करणार?" मी म्हटलं, त्या व्यक्तीशी बोलणार. "आकड्याशिवाय तुम्ही तिच्याशी बोलत नाही का?" बोलते, पण आकडा असला की कुठे अडलंय ते नेमकं कळतं. त्यांनी ते मोकळ्या जागेत लिहून घेतलं. आवाज चढलेला नाही, टोमणा नाही. शेवटच्या लॉगिनच्या रकान्यापाशी माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं, कारण तो सॉफ्टवेअरमध्ये आयता आला होता. तो तिथेच गेला.

यानंतर मात्र जे चाललं त्याचा मला मनापासून राग येतो, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही. परिषदेला तज्ज्ञ हवा होता, तो आला. त्याला आमच्या आयटीवाल्यांकडून कागद हवे होते, ते वेळेत मिळाले नाहीत. मग उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या. आमचा स्पर्धक तोवर त्याच्या ग्राहकांना दिवसागणिक नवं काहीतरी पाठवत होता आणि माझी मुलं जुन्या एक्सेल शीटवर बोटं झिजवत होती. एकमत झालंच नाही तर समेट मंडळाकडे जायचं, दोन्ही बाजूंचे सारखे प्रतिनिधी आणि वर एक निःपक्ष अध्यक्ष, आणि तिथे ठरेल ते मान्य करायचं. तिथवर गेलो असतो तर वर्ष गेलं असतं. बाजाराचा वेग आणि या देशाच्या सहीचा वेग यांचा मेळ कधी बसणार, हा प्रश्न मी वरच्या बैठकीतही विचारलाय. बाजारात वेळ म्हणजे पैसा, आणि हा पैसा शेवटी त्याच कर्मचाऱ्यांच्या पगाराचा असतो. परिषद हे कधी मोजते का? माझ्या मते पुरेसं मोजत नाही.

दुसरी गोष्ट जास्त बोचते. माझ्या टीममधला एक तरुण अफाट काम करतो. त्याला आपलं नाव सगळ्यात वर दिसायला हवं होतं, तसं तो माझ्याशी बोललाही होता. अखेर जो करार झाला त्यात नावं फक्त ज्याची त्याला दिसतात. मला आकडे दिसतात ते निदान पाच जणांच्या गटाचे, आणि ठरलेल्या मुदतीनंतर पुसले जातात. म्हणजे मागे पडलेल्याला संरक्षण मिळालं, पण पुढे धावणाऱ्याची पाठ थोपटायची तर मला दुसरी वाट शोधावी लागते. कौतुकाची भूक ही काही फक्त भारतीय माणसाची नाही. तो मुलगा अस्सल हॅम्बुर्गचा आहे.

मुंबईत माझे पहिले बॉस होते, त्यांना आम्ही सगळे सर म्हणायचो. रात्री नऊला ग्रुपवर दिवसाचे आकडे पडायचे आणि तळाशी असणाऱ्याचं जेवण गोड लागायचं नाही. पण माझ्या बाबांचं ऑपरेशन होतं तेव्हा सर न सांगता हॉस्पिटलमध्ये आले, डॉक्टरांशी बोलले, आईला म्हणाले, "काकू, हिच्या कामाची काळजी करू नका." रजेचा अर्ज मी कधी भरलाच नाही, त्यांनी तो सांभाळून घेतला. इथे माझ्या टीममधलं कुणी आजारी पडलं तर त्याला काय झालंय हे विचारायचा मला हक्क नाही. मालकाला मिळणाऱ्या वैद्यकीय नोंदीत आजाराचं नाव नसतं, फक्त किती दिवस ते असतं. पहिल्यांदा एक सहकारी बरेच आठवडे गैरहजर होती, तेव्हा मला फुलं घेऊन तिच्या घरी जावंसं वाटत होतं. एचआरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, कार्ड पाठवा, घरी जाऊ नका. त्या संध्याकाळी मी घरी फोन लावला आणि बराच वेळ आईशी नुसतीच बोलत राहिले.

या सगळ्याकडे बघताना मला इथला एक जुना कायदा आठवतो. जर्मनीत 1933 पासून 2001 पर्यंत सवलतींवर कायद्याचाच लगाम होता. रोख खरेदीवर 3 टक्क्यांहून जास्त सूट देता येत नव्हती, आणि विशिष्ट गटातल्या गिऱ्हाइकांना खास भाव लावायलाही मनाई होती. आज इथल्या रस्त्यावर सेलच्या पाट्या बघून हे खरं वाटत नाही. पण माझ्याहून वयाने मोठे जे सहकारी आहेत ते त्या नियमात वाढले. ओळख काढून, गोड बोलून, आपल्यापुरतं काही पदरात पाडून घेणं त्यांना अजून खटकतं, मग ते दुकानात असो की ऑफिसात. माझ्या सरांनी माझी रजा सांभाळून घेतली, हे मी जेवताना अभिमानाने सांगितलं तेव्हा एकाने विचारलं, "आणि जी त्यांना आवडत नव्हती, तिची रजा?" त्यावर सांगण्यासारखं खूप होतं. सर आवडती-नावडती करणारे नव्हते, हे मी त्याला ठासून सांगितलं, आणि ते खरंच आहे. पण प्रत्येक ऑफिसात असे सर नसतात, हे मला माहीत आहे आणि वाचणाऱ्यांनाही.

म्हणून आपल्याकडे यातलं काही नव्हतंच, असं कुणी म्हटलं तर मात्र मी ऐकून घेत नाही. 1890 साली नारायण मेघाजी लोखंड्यांच्या लढ्यामुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. जर्मनीचा कंपनी परिषदांचा पहिला कायदा 1920 चा, तोही बर्लिनमध्ये संसदेसमोर झालेल्या गोळीबारात 42 माणसं गेल्यावर आलेला. नाझींनी 1934 साली तो मोडून टाकला आणि युद्धानंतर 1952 साली त्यांना नव्याने सुरुवात करावी लागली. आपल्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात तिसऱ्या कलमातच कार्यसमिती होती: 100 किंवा अधिक कामगार असतील तिथे सरकारच्या आदेशाने मालक आणि कामगारांची संयुक्त समिती, कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी नसतील या अटीवर. आणि 1976 साल बघा. त्या वर्षी जर्मनीने 2000 हून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळात निम्म्या जागा कर्मचाऱ्यांना देणारा कायदा केला. त्याच वर्षी आपल्या राज्यघटनेत 42 व्या दुरुस्तीने 43 अ हे कलम आलं, उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा असं सांगणारं. एकच वर्ष, एकच विचार. त्यांचा कायदा कोर्टात मागता येतो, आपलं कलम मार्गदर्शक तत्त्वांत आहे, ते मागता येत नाही. शिवाय एअरकंडिशन्ड ऑफिसात बसणारे आम्ही लोक स्वतःला कामगार समजतच नव्हतो. लोखंड्यांचं नाव मी शाळेनंतर पहिल्यांदा घेतलं ते या देशात, तेही भांडताना.

नेतृत्वाबद्दल मार्केटिंगमध्ये फार बोललं जातं. टीमला पेटवा, उदाहरण घालून द्या, सगळ्यांच्या पुढे चाला. हे मला जमतं, मुंबईत जमायचं, इथेही जमतं. पण परिषदेमुळे एक वेगळं काम माझ्या गळ्यात पडलं, आणि ते कुठल्याही ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं. मला काय हवंय ते लिहायचं, का हवंय ते लिहायचं, आणि त्यातून कुणाचं काय बिघडू शकतं तेही मीच लिहायचं. गोदामातल्या माणसाला पटेल अशा भाषेत. माझ्या आधीच्या कुठल्याही बॉसने मला हे करून दाखवलेलं नाही. त्यांच्या शब्दाला वजन होतं, त्यामुळे त्यांना गरज पडली नाही. वजनदार शब्दाच्या साहेबाच्या हाताखाली मी घडले आणि त्याचा मला अभिमान आहे. मात्र तो शब्द साहेबासोबतच जातो. सरांनी कंपनी सोडली, त्यांच्या जागी दुसरे आले, आणि महिन्याभरात आमच्या सगळ्या न लिहिलेल्या सवलती संपल्या. इथे माझ्या डॅशबोर्डच्या करारावर माझी सही नाहीच, कंपनीची आणि परिषदेची आहे. उद्या मी भारतात परत आले तरी माझ्या टीमच्या नावांना तो पाच जणांचा आडोसा राहील.

डॅशबोर्ड आता चालू आहे. आकडे गटाचे असल्यामुळे सोमवारच्या बैठकीत कुणी कुणाकडे बोट दाखवत नाही, आणि कुठे काय अडलं ते लोक आपणहून सांगतात, हे मान्य करायला हवं. मी फिरून प्रत्येकाशी बोलते, आईवडिलांची चौकशीही करते. कुणी उत्तर देतं, कुणी विषय बदलतं. ती सवय मी सोडणार नाही. त्याला अजून तरी कुठलं कलम लागत नाही.

परिषदेच्या निवडणुका दर 4 वर्षांनी, 1 मार्च ते 31 मे या काळात होतात. 2022 नंतरची निवडणूक 2026 ची, आणि माझ्याच टीममधली एक जण उभी राहतेय. निवडून आली तर परिषदेच्या कामासाठी तिला भरपगारी वेळ द्यावा लागेल, म्हणजे आमच्या न्यूजलेटरचं काम उघडं पडणार. तिच्या जागी अर्ध्या वेळेचा माणूस हवा, असं मी वरिष्ठांना कारणांसहित लिहून पाठवलंय, आठवड्याचे तास मांडून. सध्या बजेट नाही, असं तोंडी उत्तर आलं. ते लेखी मागितलंय, आणि त्याची एक प्रत गोदामातल्या त्या गृहस्थांना दिली आहे.