घाट शिकतेय, राइड ७ : पाबे घाट, मढे घाट आणि घट्ट चेन

बाइकवरच्या आधीच्या सहा राइडमध्ये माझं घोडं एकाच ठिकाणी अडत होतं, चढावरचा डावा हेअरपिन, म्हणजे जवळजवळ उलटं फिरवणारं वळण. उजवा जमतो, कारण आपण रस्त्याच्या डावीकडून चालवतो त्यामुळे उजव्या वळणाला बाहेरचा मोठा घेर मिळतो. डाव्याला मात्र आतली सगळ्यात खडी आणि सगळ्यात आखूड लाइन आपल्या वाट्याला येते, स्पीड पडतो, गाडी गचके द्यायला लागते आणि पाय टेकला जातो. मागच्या वेळी सिंहगडाच्या रस्त्यावर चार वेळा टेकला होता, वहीत लिहून ठेवलंय.

या रविवारी ताईबरोबर गेले. ताई म्हणजे शेजारच्या बिल्डिंगमधली, माझ्याहून सोळा वर्षांनी मोठी, पूर्वी टू-स्ट्रोक चालवायची, आता हिमालयन ४११ आहे तिच्याकडे. माझी हंटर ३५०. पावणेसहाला वारज्यातून निघालो, खडकवासल्याला उजाडायला लागलं, तिथून डोणजे फाटा, खानापूर आणि मग पानशेत रोड सोडून डावीकडे पाबे घाटाच्या रस्त्याला लागलो. पाऊस नुकताच सरलाय, त्यामुळे दोन्ही बाजूंना सोनकी पिवळी धम्मक फुललेली आणि खाली भाताची खाचरं रंग बदलायला लागलेली. असा रस्ता शहरापासून तासाभरावर मिळतो हे पुण्यात राहणाऱ्यांचं खरंच नशीब आहे, मला दर वेळी नव्याने वाटतं.

घाट सुरू झाल्यावर ताई म्हणाली, "तू पुढे हो, मी मागून बघते." पहिल्याच डाव्या वळणावर माझा पाय टेकला. पुढे रुंद जागा बघून तिने थांबवलं आणि म्हणाली, "अगं, तू रस्त्याकडे बघतच नाहीयेस, तू त्या कडेच्या दगडाकडे बघतेयस." आणि खरंच होतं ते! वळणाच्या आतल्या कडेला चुना लावलेला एक दगड होता, त्याच्या पायाशी शेवाळ, त्यावर बारीक खडी वाहून आलेली, आणि मला सगळं इतकं नीट आठवत होतं कारण पूर्ण वळणभर मी फक्त तेच बघत होते. गाडी जिथे नजर तिथे जाते, हे मी शंभर वेळा ऐकलंय, पण नेमकं कुठल्या दगडावर अडकतेय हे पहिल्यांदाच कळलं.

मग तेच वळण तीनदा घेतलं. खाली जायचं, यू टर्न मारायचा, परत वर. ताईने सांगितलं ते असं की गिअर वळणाच्या आधीच पाडून घे, वळणात क्लच पूर्ण दाबू नकोस, थ्रॉटल एकसारखा ठेव आणि मागचा ब्रेक अगदी हलका धरून ठेव म्हणजे गाडी गचके देत नाही, एंट्री थोडी बाहेरून घे पण मधली रेघ ओलांडायची नाही, हॉर्न द्यायचा, आणि मान इतकी वळव की हनुवटी डाव्या खांद्यावर आली पाहिजे. दुसऱ्यांदा घेताना वरून एसटी आली. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा घाटातला नियमच आहे, पण एसटीला वळायला अख्खा रस्ता लागतो, तिथे नियमावर बोट ठेवून उपयोग नाही, मी आधीच खाली थांबले आणि ती गेल्यावर निघाले. तिसऱ्यांदा दगड दिसलाच नाही. म्हणजे होता तिथेच, पण मी वरच्या रस्त्याचा पुढचा तुकडा बघत होते आणि गाडी आपोआप आली. अंगावर काटा आला.

माथ्यावर दहा मिनिटं नुसते उभे राहिलो. समोर डावीकडे राजगड, त्याचा बालेकिल्ला ढगाच्या वर निघालेला, आणि उजवीकडे तोरणा, १४०३ मीटर, पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला. दोघांच्या मध्ये दरीत धुकं भरलेलं. फोटो काढले पण त्यात ते येत नाही.

उतारावर मी न्यूट्रल करणार होते, पेट्रोल वाचेल म्हणून. ताईने तिथल्या तिथे अडवलं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटल बंद करून गिअरमध्ये उतरलं की ईसीयू (इंजिनाचा छोटा कॉम्प्युटर) पेट्रोलच तोडतो, उलट न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळत राहतं. आणि न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापले की लिव्हर दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. दुसऱ्या गिअरला उतरले, ब्रेक फक्त वळणाआधी. ताई म्हणाली टू-स्ट्रोकला हे सुख नव्हतं, इंजिन ब्रेकिंग जवळजवळ नाहीच, त्यामुळे तेव्हा उतार म्हणजे हात भरून यायचे.

वेल्ह्यात मिसळ खाल्ली. तिथे मी सहज म्हटलं की खड्ड्यातून जाताना मागून टक टक आवाज येतोय. ताईने खाली बसून चेन बोटाने वर ढकलली, हललीच नाही. आठवड्यापूर्वी गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग करून आणली होती, तिथे नको इतकी ताणून ठेवली होती आणि मीही घेताना बघितलं नाही, याचं जास्त वाईट वाटलं. खालच्या बाजूला मधोमध बोटाने दाबली की चेन दोन-तीन सेंटीमीटर खेळायला हवी. कारण मागचं सस्पेन्शन दबलं की पुढच्या स्प्रॉकेटपासून (चेनच्या दातेरी चाकापासून) मागच्या चाकाचं अंतर वाढतं, मग आधीच ताठ असलेल्या चेनला जागाच उरत नाही आणि सगळा ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो, तुटलीच तर मागचं चाक जाम. ताईच्या पॅनिअरमध्ये, म्हणजे बाइकच्या बाजूच्या पेटीत, नट खोलायचे पाने होते. मागच्या चाकाचा मोठा नट सैल केला, दोन्ही बाजूंचे अॅडजस्टर सैल करून चाक एकेक खूण पुढे सरकवलं, अगदी समान, नाहीतर चाक तिरकं बसतं, मग मला गाडीवर बसवून तिने परत खेळ तपासला. हाताला काळं ग्रीस लागलं ते संध्याकाळपर्यंत निघालं नाही. पण हे काम मी आता स्वतः करू शकते.

पुढे पासली, केळद, रस्ता कुठे मस्त कुठे उखडलेला, म्हशींचा एक कळप, आणि टक टक बंद. केळदच्या पुढे मढे घाटाच्या तोंडाशी गाडीरस्ता संपतो, खाली कोकणात पायवाटच उतरते. फेब्रुवारी १६७० मध्ये कोंढाण्यावर तानाजी मालुसरे पडले, त्यांची पालखी याच वाटेने उमरठ्याला नेली असं इथली माणसं सांगतात. आपण इथवर इंजिनाच्या जोरावर येऊन दमतो आणि ती माणसं खांद्यावर पालखी घेऊन ही उभी उतरंड उतरली. ताई आणि मी बराच वेळ काही बोललो नाही. कड्याच्या टोकाशी अजिबात गेलो नाही, दगड ओले होते आणि खालून वारा जबरदस्त येत होता.

परत वेल्हे, मार्गासनी, नसरापूर, मग हायवे. बनेश्वरला थांबायचं ठरलं होतं पण ऊन चढलं म्हणून राहिलं. कात्रजच्या बोगद्याशी ट्रॅफिक, दोन वाजता घरी. एकूण १५६ किमी.

वहीतली नोंद : चढावरच्या डाव्या वळणांना पाय टेकला एकदा, तोही पहिल्याच. उतारावर उजव्या वळणाला मी अजून मधल्या रेघेकडे ओढली जाते, ताईने दोनदा सांगितलं. पुढच्या रविवारी पाबे घाटच, पण उलट्या बाजूने, वेल्ह्याकडून चढून खानापूरला उतरायचं. ताई येतेय. चेन मी शनिवारीच तपासून ठेवणार आहे.